भैरू भोयाचं मीठ

पेशवाईतल्या पुण्यात माणसाची किंमत तो पालखीच्या आत बसतो की खाली लागतो, यावर ठरायची. भैरू खाली लागणाऱ्यांतला. शनिवार पेठ जिथं नदीच्या बाजूला संपते आणि चिखल सुरू होतो, तिथं भोयांची काही खोपटी होती, त्यातलं कडेचं त्याचं. उंची बेताची, छाती रुंद, आणि उजव्या खांद्यावर दांडीनं पाडलेला घट्टा. त्याची बायको बायडा त्या घट्ट्याला आपली सवत म्हणायची. "दिसभर तिला खांद्यावर घिऊन हिंडता, आन् तेल चोळायला मात्र मी," असं म्हणून ती रोज संध्याकाळी त्या सवतीला तेल चोळायची.

भैरू पुढचा भोई होता. हे काही साधं नाही. मागच्या भोयांना रस्ता दिसत नाही, दिसते ती फक्त पालखी. पुढचा जे बोलेल तेवढाच त्यांचा रस्ता. "दगड हाय, डाव्या अंगाला." मागून "हूं". "पाणी हाय." "हूं." "चढ लागला." "हूं." भैरूचा आवाज खणखणीत, आणि रस्त्याबद्दल तो काही म्हणजे काही लपवायचा नाही. शेणाचा पो सुद्धा तो आदरानं जाहीर करायचा.

पालखी होती मथुराबाईंची, म्हणजे पेठेतल्या एका सावकाराच्या मातोश्रींची. बाई अंगानं भरदार. दर चतुर्थीला थेऊरच्या गणपतीला निघायच्या. वाटेत लोणी काळभोरला पालखी उतरायची, तिथं भोयांना पाणी आणि गूळ. एकदा चढावर भैरू ओरडला, "चढ लागला, वजन हाय, सांभाळून." आतून पडद्याआडून आवाज आला, "मेल्या, चढाचं सांग. वजनाचं मला ठाऊक आहे." मागचे भोई हसले आणि पालखी हलली, तशी बाई पुन्हा म्हणाल्या, "हसण्याची मजुरी वेगळी मिळत नाही हो."

एकूण बरं चाललं होतं. मग मार्गशीर्षात बायडाचं पोर मेलेलंच जन्मलं, आणि त्यानंतर ती काही नीट उभी राहिली नाही. संध्याकाळ झाली की अंगात बारीक ताप. आधी दळण सुटलं, मग नदीवरून पाणी आणणं सुटलं. तोंड मात्र सुटलं नाही, ते अखेरपर्यंत चालू होतं. पण भैरू घाबरला. एका सकाळी कुणाला न सांगता तो जोगेश्वरीला गेला, पायरीवर डोकं टेकलं आणि नवस बोलला.

नवसाचंही एक शास्त्र असतं. मोठ्या घरचे लोक देवीला सोनं वाहतात किंवा निदान तूप-साखर तरी सोडतात. सोडायला मुळात घरात काही असावं लागतं. भैरूनं बराच विचार केला. तूप घरात नव्हतं. साखर त्यानं बाईंच्या देव्हाऱ्यात पाहिली होती, तेवढीच. रोजच्या जेवणात चव म्हणून जे होतं ते एक मीठ. तेव्हा त्यानं ते दिलं. "बायडा बरी होईस्तोवर मिठाला शिवणार न्हाई," असं तो मनातल्या मनात म्हणाला, कारण नवस कुणाला सांगितला की वाया जातो, हे भोयांच्या आळीत पोराटोरांनाही माहीत होतं.

आता ज्या बाईच्या हातचं खायचं, तिच्यापासूनच हे लपवायचं म्हणजे कठीण. त्यानं थाप तयार ठेवली होती.

"नाईकानं सांगितलंय. मीठ खाल्लं की तहान लागती, पानी प्यालं की पाऊल चुकतं."

दत्तोबा नाईक म्हणजे भोयांचा म्होरक्या. बायडा चुलीपुढून वळली नाही. "नाईकाच्या ताटात तर खारातलं लिंबू असतंय."

"नाईक आता दांडी कुटं धरतो."

"तेबी खरं," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं त्याच्यापुरती आमटी मीठ घालायच्या आधीच काढून ठेवायला सुरुवात केली.

थंडी होती तोवर निभावलं. चैत्र लागला आणि ऊन तापलं. दांडी खांद्यावर असताना पाणी प्यायचं नाही, हा भोयांचा जुना दंडक. पोटात पाणी डुचमळलं की पावलाचा ठेका मोडतो म्हणे. त्यामुळे दिवसभर घाम गळायचा आणि आत काही जायचं नाही. आणि एका रात्री, गाढ झोपेत, भैरूच्या पोटरीत गोळा आला.

ज्याला कधी आलाय त्याला सांगायला नको, आणि ज्याला आला नाही त्याला सांगून कळायचं नाही. पोटरीत कुणी दगड घालून वरून शिवून टाकावा तसं. अंगठा आपोआप खाली वळतो, पाय आपला राहत नाही. चढावर बाईंना वाहणारा गडी त्या रात्री गोधडीवर लहान मुलासारखा तळमळला. बायडा उठली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं एका हातानं त्याचा गुडघा दाबून सरळ धरला आणि दुसऱ्या हातानं पायाची बोटं धरून चवडा त्याच्याकडे ओढला. तशीच धरून बसली. हळूहळू दगड विरघळला.

मग हे रोजचंच झालं. काही दिवसांनी तर भैरूला हाकही मारावी लागेना. बायडा त्याच्या पोटरीवर हात ठेवूनच झोपायची. स्नायू कडक व्हायला लागला की तिच्या हाताला आधी कळायचं, त्याला नंतर. पाय ओढताना ती त्याचीच हाळी त्याला ऐकवायची, हलक्या आवाजात, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

"चढ लागला."

"हूं," भैरू दात आवळून म्हणायचा.

"वजन हाय, सांभाळून."

"हूं."

"आला उतार, आला." आणि उतार खरंच यायचा.

एका रात्री गोळा उतरला तरी ठणका राहिला. बायडानं चूल फुंकली, तव्यावर मूठभर खडेमीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि पुरचुंडी शेकायला आणली. भैरूनं पाय असा आखडला, जसा काही विस्तवच जवळ आला.

"मीठ नगं."

"खायाचं न्हाई ते. श्याकायचं हाय."

"शिवायचं न्हाई. वाळू तापव."

बायडा पुरचुंडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. चुलीच्या उजेडात तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बाहेर गेली, आणि दुसऱ्या फडक्यात नदीची वाळू घेऊन आली. त्यानंतर तिनं मिठाचा विषय काढला नाही. भैरूला वाटलं, थाप पचली.

वैशाखात बायडाचे डोळे खोल गेले, तेव्हा भैरू तिला अनंत वैद्यांकडे घेऊन गेला. वैद्य पेठेतलेच. गुण देणारे, पण गोड बोलण्याची फी ते वेगळी घेत असावेत, कारण फुकटात कुणाला ते मिळालं नव्हतं. त्यांनी नाडी पाहिली.

"झोप लागते का?"

"लागते की," बायडा म्हणाली.

"डोळ्यांनी वेगळी साक्ष दिली आहे. रात्री जागतेस कशाला?"

बायडानं भैरूच्या पायांकडे पाहिलं. वैद्यांनीही पाहिलं. दोन प्रश्न विचारून त्यांनी गोळ्याची सगळी हकीकत काढून घेतली.

"दांडी धरताना पाणी पितोस?"

"न्हाई. दंडक हाय."

"मीठ खातोस?"

भैरू पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला.

"घाम गाळायचा, पाणी प्यायचं नाही, मीठ खायचं नाही. मग पोटरीनं करावं तरी काय, भजन?" वैद्यांनी पुड्या बांधायला घेतल्या. "वाटेत थांबाल तिथं पाणी पी, थोडं थोडं. घरी आल्यावर ताक, त्यात मीठ. निजण्याआधी भिंतीला हात टेकून उभा राहा, टाच जमिनीला घट्ट, आणि पोटरी ताणून घे. एवढं केलंस तर गोळा येणार नाही, आणि गोळा आला नाही तर ही झोपेल. माझ्या औषधाला झोप लागते, जागेपणी ते काम करत नाही. दोन रोगी आहेत आणि औषध एक. ते माझ्याकडे नाही, वाण्याकडे मिळेल."

परतताना बायडा सावकाश चालत होती आणि भैरू तिच्या पुढं. सवयीनं तो म्हणाला, "दगड हाय, डाव्या अंगाला." मागून बायडा म्हणाली, "हूं."

त्या रात्री भैरूला कळेना की काय करावं. मीठ खावं तर नवस मोडतो, आणि देवी कोपली तर कोप बायडावर. न खावं तर गोळा येतो आणि बायडाची झोप जाते. तिच्यासाठी सोडलेलं मीठच तिला खात होतं. ज्याला रस्त्यातला प्रत्येक खड्डा आधी दिसायचा, त्याला इथं पुढचं काही दिसत नव्हतं. बाकी सगळं त्यानं केलं. नाईकाच्या शिव्या खाऊन वाटेत पाणी प्यायला लागला, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायला लागला. गोळे कमी झाले, पण गेले नाहीत. मिठाचं काम मीठच करतं.

शेवटी त्यानं वाट काढली. मथुराबाईंच्या वाड्याच्या दरवाजाशी देवडी होती, तिथं पहारेकरी निजत. भैरूनं आपली घोंगडी तिकडं हलवली. नवसही राहील आणि बायडालाही झोप मिळेल, असा त्याचा हिशेब.

"बाईंचा हुकूम हाय. रातच्याला देवडीत निजायचं."

"बाईंना रातच्याला कुटं जायचं असतंय?"

"हुकूम म्हंजे हुकूम."

बायडा गोधडीची घडी घालत होती. "जावा," ती म्हणाली. "पाय कोन वडंल तिथं?"

"येत न्हाई आता गोळा."

"बरं झालं."

देवडीत गोळा यायचा. भैरू घोंगडीचं टोक दातात धरायचा आणि एकट्यानं बोटं ओढायचा. सकाळी घरी जाऊन विचारायचा, "झोप लागली?" बायडा म्हणायची, "लागली की. मेल्यावानी." तिच्या चेहऱ्यावर झोपेची खूण शोधत तो उभा राहायचा आणि सापडली असं स्वतःला सांगून कामावर जायचा. आळीत मात्र कुजबुज सुरू झाली, की भैरूचं पाऊल घराबाहेर वळलं, आजारी बाईला टाकून रात्री हिंडतो. बायडानं ती ऐकली. त्याला सांगितली नाही.

ज्येष्ठ लागायच्या आधी एका पहाटे सगुणा देवडीपाशी आली. सगुणा म्हणजे शेजारच्या भोयाची बायको, बायडाची मैत्रीण. पदर तोंडाशी धरून ती उभी राहिली. भैरूनं तिला पाहिलं आणि उठला. त्याच्या उजव्या पोटरीत तेव्हा गोळा होता. तो तसाच, पाय फरफटत, घराकडे निघाला.

बायडा कुशीवर होती. एक हात पुढं पसरलेला, जिथं त्याचे पाय असायचे तिथं.

तिला पोचवून नदीवरून परत आल्यावर शेजाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे कडू घास आणला. दुःखाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून बाहेरून येणारं पिठलं आणि भाकरी. सगळे खाली बसले. भैरूनं भाकरी तोडली, पिठलं बाजूला सारलं आणि कोरडाच घास चावत राहिला.

"पिठल्याला नगं म्हनू नये, भैरू," दत्तोबा नाईक म्हणाला. "कडू घास हाय."

"माजं अळणी हाय."

"कशापायी?"

"नवस हाय. बायडा बरी होईस्तोवर."

 दत्तोबा कडक माणूस. भोयाचं पाऊल चुकलं तर आईबहिणीवर जाणारा. तो खाली मान घालून आपल्याच ताटातलं पिठलं बोटानं सारवत बसला. मग म्हणाला, "सुटला रं आता त्यो."

"ती बरी कुटं झाली?" भैरू म्हणाला.

 भैरूचा हिशेब सरळ होता. बायडा बरी झाली की मीठ. मीठ खाल्लं, म्हणजे ती आता बरी व्हायची नाही हे आपल्या तोंडानं कबूल केलं. तेवढं तोंड त्याला नव्हतं.

सुतक फिटलं, तो दांडीला लागला, आणि अळणीच खात राहिला. सगुणा त्याच्यापुरतं वेगळं काढून द्यायची. घरी तो परत आपल्या जागेवर निजायला लागला होता, आणि गोळा जणू पत्ता विचारत मागं आला होता. आषाढातल्या चतुर्थीला थेऊरहून परतताना, लोणी काळभोरच्या पुढं, भर दिवसा, दांडीखाली त्याची पोटरी धरली. भैरू ओरडला, "थांबा." पालखी उतरली. कुणाला काही झालं नाही, पण पुढच्या भोयानं वाटेत थांबा म्हणावं हे कधी झालं नव्हतं. मथुराबाईंनी पडदा सारला. रस्त्याच्या कडेला पाय धरून बसलेल्या भैरूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बसू दे त्याला. मला काही चूल फुंकायला घरी जायचं नाही." मग पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दत्तोबानं भैरूला मागं लावलं. पुढं दुसरा कुणी आला. आता भैरूला दिसायचं ते फक्त पालखीचं लाकूड. पुढून आवाज यायचा, "पाणी हाय," आणि भैरूनं म्हणायचं, "हूं."

त्याच दिवशी संध्याकाळी सगुणा भाकरी घेऊन आली. भैरू अंगणात बसला होता. तिनं ताट ठेवलं आणि गेली नाही.

"भावजी, एक सांगायचं हाय. बायडाला ठावं होतं."

भैरूनं मान वर केली.

"नवसाचं. त्या मिठाच्या पुरचुंडीच्या रातीच तिनं वळखलं. मला दुसऱ्या दिशी म्हनली."

"मग बोलली का न्हाई?"

"तेच म्या इचारलं. म्हनली, बोलले तर नवस वाया जायचा. आन् मला जगायचं हाय गं, म्हनली. त्येंचे पाय दुकत्यात ते दिसतंय मला, पर मला जगायचं हाय. म्या पाय चोळून फेडीन म्हनली." सगुणानं पदरानं नाक पुसलं. "तुमी देवडीत गेलात, तेबी वळखलं. लोक काय काय बोलत, तर हसायची. म्हनायची, माझ्या झोपंसाठी गेल्यात, आन् झोप तर येत न्हाई. हाताला सवय झालीया, म्हनायची."

 भैरूनं ताट जवळ ओढलं. "आमटी अळणी हाय न्हवं?"

"हाय," सगुणा म्हणाली, आणि निघून गेली.

रात्री गोळा आला. उजव्याच पोटरीत, नेहमीच्या जागी. भैरूनं बोटं धरली नाहीत. गुडघा दाबला नाही. पाय लांब करून तो तसाच पडून राहिला, जसा तो नेहमी पडायचा, जेव्हा पाय ओढायला कुणी होतं. पोटरी दगड झाली. अंगठा खाली वळला. घामानं गोधडी भिजली. त्यानं वाट पाहिली.

मग तो हळूच म्हणाला, "चढ लागला."

मागून "हूं" आला नाही.

तो पुन्हा म्हणाला, थोडा मोठ्यानं, जसा दांडीखाली म्हणायचा तसा. शेजारचं कुत्रं उठलं आणि परत निजलं. भैरू आणखी थोडा वेळ थांबला. मग एका पायावर उठला, भिंत चाचपडली, हात टेकले, टाच जमिनीला रेटली आणि वैद्यांनी सांगितलं होतं तसा उभा राहिला. भिंत गार होती. गोळा हळूहळू उतरला. कुणी ओढल्याशिवायही तो उतरतो, हे त्याला देवडीत कळलंच होतं. पण तेव्हा बायडा जिवंत होती.

सकाळी सगुणा न्याहारी घेऊन आली. भाकरी आणि बाजूला काढलेली अळणी भाजी. भैरू जेवायला बसला नाही.

"वैनी, जरा मीठ आन."

ती गेली आणि मुठीत खडे घेऊन आली. त्याच्या तळहातावर ठेवले. त्यानं एक खडा उचलला, जिभेवर ठेवला आणि विरघळेपर्यंत तोंड मिटून बसला.

"गेली बायडा," तो सगुणाला म्हणाला, जशी काही ही बातमी तिला नवीनच होती.